शतपुष्पेचा वाफा : परसबागेतील बाळंतशेपेची लागवड, संग्रह आणि शोषण

सन २०१९ च्या वर्षाऋतूतील गोष्ट आहे. बस्तिकर्माचा काळ असल्याने आमच्या लहानशा चिकित्सालयात रोज सकाळी दोन-तीन निरूह बस्ती दिले जात होते. कल्कद्रव्ये वाटण्याचे काम आमच्याकडील मदतनीस मावशींकडे असते. त्या दिवशी शतपुष्पा वाटता वाटता त्यांनी हात थांबविला, चिमूटभर कल्क नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, ह्या शेपेला वासच नाही. भुसा वाटल्यासारखं वाटतंय."

मी वास घेऊन पाहिला. मावशींचे म्हणणे खरे होते. पुडीवर नाव योग्य होते, फळांचा आकार योग्य होता. पण ज्या गुणासाठी शतपुष्पा योजावयाची तो तीक्ष्ण गंध तीत नव्हता. पदवी घेऊन चिकित्सा करू लागल्यास मला तेव्हा सोळा वर्षे झाली होती. त्या सोळा वर्षांत ह्या द्रव्याची ओली छत्री मी एकदाही हातात घेतली नव्हती. मावशींचे बालपण खेड्यातील परसात गेलेले. त्यांच्या आईने प्रत्येक बाळंतपणासाठी घरची शेप राखून ठेवलेली. द्रव्यपरीक्षा त्यांनी केली आणि पदवीधर वैद्याने ती मान्य केली, इतकाच त्या प्रसंगाचा सारांश होय.

त्यानंतर घरामागील मोकळ्या जागेत शतपुष्पेचा एक वाफा करावयाचा, असे ठरविले. दोन हंगाम फसले, तिसरा साधला. त्या तीन हंगामांत जे शिकावयास मिळाले ते वैद्यबंधुभगिनींपुढे व औषधी दुकानांच्या चालकांपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नामविवेक

लागवडीकडे वळण्यापूर्वी नावाचा घोळ दूर करणे अगत्याचे आहे. कारण बहुतेक चुका तेथूनच सुरू होतात. ज्या वनस्पतीचा कोवळा पाला आपण शेपू म्हणून भाजीस वापरतो, तिचेच पक्व व शुष्क फळ म्हणजे बाळंतशेप. शतपुष्पा, शताह्वा, मिसि, छत्रा ही तिची संस्कृत नावे प्रसिद्ध आहेत. हिंदीत ती सोआ, तर गुजरातीत सुवा. वनस्पतिशास्त्रात भारतीय जातीस अनेथम सोवा म्हणतात. अनेक शास्त्रज्ञ तिला युरोपातील अनेथम ग्रॅव्हिओलेन्स ह्या जातीतच समाविष्ट करतात. जेवणानंतर खाल्ली जाणारी बडीशेप ही त्याच कुलातील, परंतु वेगळी वनस्पती होय. तिचे नाव फिनिक्युलम व्हल्गेअर. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने शताह्वा म्हणून बाळंतशेप आणि मिश्रेया म्हणून बडीशेप स्वीकारली आहे. निघंटूंत मात्र काही पर्याय दोहोंकडे वाटले गेल्यामुळे व्यवहारात अदलाबदल होत राहते.

ह्या अदलाबदलीचा अनुभव मी स्वतःच्या चुकीतून घेतला आहे. एका सूतिकेस मी चिठ्ठीवर केवळ 'शतपुष्पा चूर्ण' असे लिहून दिले. पंधरा दिवसांनी ती पुडी घेऊन आली तेव्हा आत बडीशेपेचे चूर्ण निघाले. दुकानदारास विचारले असता तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, आमच्याकडे शतपुष्पा म्हटलं की बडीशेपच देतात. बाळंतशेप हवी होती तर तसं लिहायचं होतं." त्याचे चुकले नव्हते. बडीशेपेने त्या भगिनीस अपाय झाला नाही, हे खरे. पण योजलेले द्रव्य तिला मिळाले नाही व पंधरा दिवस गेले. तेव्हापासून मी चिठ्ठीवर संस्कृत नावापुढे 'बाळंतशेप' असे मराठी नाव न चुकता लिहितो. दुकानदारांनीही बरणीवर दोन्ही नावे लिहावीत, अशी नम्र सूचना आहे.

दोन्ही फळे ओळखणे कठीण नाही. बडीशेपेचे फळ लांबट, जवळपास दंडगोल, हिरवट व गोड वासाचे. बाळंतशेपेचे फळ त्याहून आखूड, पाठीकडून चपटे, तपकिरी. त्याच्या दोन्ही कडांना फिकट रंगाची पातळ पंखासारखी किनार असते. चावून पाहिल्यास बडीशेप गोड लागते, कारण तिच्या तेलात अॅनिथोल मुख्य असते. बाळंतशेप प्रथम तिखट व मग कडसर लागते आणि तिचा वास शहाजिऱ्याची आठवण करून देतो. हे साम्य काल्पनिक नाही. कार्व्होन हे गंधद्रव्य दोहोंत असते. भारतीय बाळंतशेपेत त्याच्या जोडीला डिलापिओल हा घटकही आढळतो, म्हणून आपल्याकडील फळाचा गंध युरोपीय फळापेक्षा किंचित निराळा व उग्र वाटतो.

शास्त्र व परंपरा

शतपुष्पेचे महत्त्व ह्या नियतकालिकाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. चरकाचार्यांनी तिचा समावेश आस्थापनोपग व अनुवासनोपग ह्या दोन्ही दशेमानींत केला आहे. पूतोयवान्यादि कल्कात व माधुतैलिक बस्तीत ती आहे. काश्यपसंहितेच्या कल्पस्थानात शतपुष्पा व शतावरी ह्या दोन द्रव्यांसाठी एक स्वतंत्र अध्यायच खर्ची घातलेला असून आर्तवविकृती व वंध्यत्व ह्यांत तिचा विशेष उपयोग वर्णिला आहे. कटु-तिक्त रस, लघु-तीक्ष्ण गुण, उष्ण वीर्य व कटु विपाक ह्यांमुळे ती वातकफघ्न, दीपन, पाचन व अनुलोमन ठरते.

महाराष्ट्रातील घराघरांत हे ज्ञान ग्रंथांविनाही टिकले. बाळंतिणीस जेवणानंतर भाजलेली बाळंतशेप व ओवा चघळावयास देणे, तिच्या धुरीत ओवा, वावडिंग ह्यांसोबत शेप टाकणे, तान्ह्याचे पोट फुगल्यास शेपेचे पाणी देणे, ह्या प्रथा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. इंग्लंडात १८५१ साली विल्यम वुडवर्ड ह्यांनी जे ग्राइप वॉटर प्रचारात आणले त्यातही ह्याच फळाचे तेल होते. गौरी जेवावयास येण्याआधी, आवाहनाच्या दिवशी काही घरांत शेपूची भाजी व भाकरी ह्यांचा नैवेद्य असतो. ज्या वनस्पतीला देवघरापासून बाळंतघरापर्यंत जागा आहे, तिला परसात जागा मिळणे उचितच होय.

पहिला हंगाम : काळाची चूक

सन २०२० च्या माघात मी पहिली पेरणी केली. पुढे टाळेबंदी लागली व वाफ्याकडे लक्ष देण्यास वेळ भरपूर मिळाला. तरीही पीक हाती आले नाही. रोपे जेमतेम दीड फूट वाढली आणि चैत्राच्या उन्हाने अकाली फुलोऱ्यावर आली. छत्र्या लहान राहिल्या, कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला आणि फळे भरण्यापूर्वीच पोचट होऊन वाळली.

तात्पर्य असे की, पाल्यासाठी शेपू अतिवृष्टी व कडक उन्हाळा वगळता केव्हाही घेता येतो. पण औषधी फळासाठी पेरणी शरद संपता संपता, म्हणजे ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर ह्या काळातच व्हावी. रोपांची वाढ हेमंतात, फुलोरा शिशिरात आणि फळांची पक्वता वसंताच्या आरंभी, असा त्या वनस्पतीचा क्रम आहे. पेरणीपासून फळे पक्व होण्यास साधारणतः चार ते पाच महिने लागतात. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात पुष्पे व फळे ज्या त्या ऋतूप्रमाणे घ्यावीत असे म्हटले आहे. ते वचन पाठ असूनही मी माघात पेरणी केली, हे कबूल करावयास संकोच वाटत नाही.

पेरणी व निगा

वाफ्याची जागा निवडताना दिवसाचे किमान सहा तास ऊन मिळेल व पाणी साचणार नाही, एवढे पाहावे. माझा वाफा चार फूट रुंद व दहा फूट लांब आहे. मध्यम काळ्या मातीत दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळले की पुरते. ताजे शेण वा जास्त नत्र दिल्यास पाला माजतो आणि फळधारणा कमी होते. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी किमान एक फूट खोल कुंडी घ्यावी. कारण ह्या वनस्पतीस सरळ खोल जाणारे सोटमूळ असते. ह्याच कारणाने तिचे रोप उपटून दुसरीकडे लावू नये. बी जागीच पेरावे.

बियाण्याविषयी दोन सूचना महत्त्वाच्या वाटतात. बियाणे दुकानातील बी अनेकदा बुरशीनाशक लावलेले, लाल वा गुलाबी रंगाचे असते. ते पेरावयास योग्य, पण औषधात चुकूनही वापरू नये. ते स्वतंत्र डब्यात, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. दुसरे म्हणजे, औषधी दुकानातील बाळंतशेप पेरावयाची असल्यास आधी तिची उगवण पाहावी. वीस दाणे मोजून ओल्या सुती कापडात गुंडाळावेत, कापड सतत ओलसर ठेवावे आणि दोन आठवडे वाट पाहावी. बारा-चौदा दाण्यांना मोड आले तर बी चांगले समजावे.

ही उगवणपरीक्षा द्रव्यपरीक्षेसही उपयोगी पडते. अशा फळांतून वाफेने तेल काढून घेऊन उरलेला निःसत्त्व माल पुन्हा बाजारात येणे, ही भेसळीची जुनी रीत आहे. वाफेतून गेलेल्या दाण्यातील अंकुर मरतो. त्याला कितीही पाणी दिले तरी मोड येत नाहीत. म्हणून ज्या मालातील निम्म्याहून अधिक दाण्यांना मोड आले त्याचा बहुतांश भाग वाफेतून गेलेला नाही, हे निश्चित म्हणता येते. उलट, मोड आले नाहीत म्हणजे तेल काढलेच, असा निष्कर्ष मात्र काढू नये. बी जुने असेल वा अति उष्णतेत वाळविलेले असेल, तरीही ते उगवत नाही. तरीदेखील असा माल संशयित समजून त्याचा गंध व चव बारकाईने पाहावी. ह्या परीक्षेस ना उपकरण लागते ना खर्च. लागतो तो केवळ दोन आठवड्यांचा धीर.

वाफ्यात एक फूट अंतरावर उथळ ओळी पाडाव्यात. माझ्या वाफ्यास दोन लहान चमचे बी पुरते. बी अर्ध्या ते एक सेंटिमीटरहून खोल जाऊ नये. वर चाळलेली माती हलकेच पसरावी व झारीने पाणी द्यावे. आठ ते चौदा दिवसांत उगवण होते. रोपे चार बोटे उंच झाली की विरळणी करावी. फळांसाठी दोन रोपांत सहा ते आठ इंच अंतर ठेवावे. उपटलेली रोपे भाजीत जातात, वाया काहीच जात नाही. पहिला महिना खुरपणी महत्त्वाची. कारण ह्या रोपांचा पाला विरळ असल्याने ती तणाशी झुंजू शकत नाहीत. पाणी बेताने, माती वरून सुकल्यावरच द्यावे. फुलोऱ्याच्या व दाणे भरण्याच्या वेळी ताण पडू देऊ नये. फळे तपकिरी होऊ लागली की पाणी तोडावे.

मावा दिसल्यास प्रथम तो भाग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा, आवश्यकता भासल्यास निंबोळी अर्क सायंकाळी फवारावा. फुले उमललेली असताना मात्र फवारणी टाळावी. त्या पिवळ्या छत्र्यांवर मधमाश्या येतात व फळधारणा त्यांच्यावर अवलंबून असते. हवा दमट राहिल्यास पानांवर भुरी येते. विरळणी नीट केली असल्यास तिचा त्रास कमी होतो. औषधासाठी घ्यावयाच्या पिकावर रासायनिक कीटकनाशक वापरावयाचे नाही, एवढा नियम आपण पाळलाच पाहिजे. अन्यथा घरी पिकविण्यात अर्थ काय राहिला?

दुसरा हंगाम : शोषणाची चूक

सन २०२० च्या दिवाळीनंतर पेरलेला वाफा उत्तम आला. रोपे माझ्या कमरेपर्यंत वाढली. माघात सारा वाफा पिवळ्या छत्र्यांनी भरून गेला. शतपुष्पा व छत्रा ही दोन्ही नावे किती सार्थ आहेत, हे त्या दिवसांत प्रथमच उमगले. एका मोठ्या छत्रीच्या काड्यांना लहान लहान छत्र्या, आणि त्या प्रत्येकीवर पिवळ्या फुलांचा पुंजका.

मात्र संग्रहात मी उतावीळपणा केला. फाल्गुनात एका रविवारी भर दुपारी सर्व झाडे एकदम कापली. अर्धी पक्व फळे कापतानाच जमिनीवर सांडली. उरलेली गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकच्या कागदावर कडक उन्हात पसरली. रात्री दव पडू नये म्हणून वर तसाच कागद झाकला. दिवसा तापलेल्या कागदामुळे गंध उडाला आणि रात्री झाकणाखाली साठलेल्या बाष्पाने फळे दमट राहिली. वरून कोरडी भासली म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली. तीन आठवड्यांनी पिशवी उघडली तेव्हा कुबट वास आला; फळांवर करड्या बुरशीचे जाळे होते. चार महिन्यांची मेहनत खताच्या खड्ड्यात गेली. मावशी एवढेच म्हणाल्या, "आई सावलीत उलटी टांगायची." छायाशुष्क हा शब्द मी परीक्षेत अनेकदा लिहिला होता, त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

संग्रहविधी

तिसऱ्या हंगामापासून अवलंबिलेली व आता स्थिर झालेली पद्धत पुढीलप्रमाणे आहे.

एकाच झाडावरील सर्व छत्र्या एकाच वेळी पक्व होत नाहीत. मधल्या दांड्यावरील मुख्य छत्री प्रथम, बाजूच्या फांद्यांवरील नंतर, असा क्रम असतो. म्हणून संग्रह तीन-चार टप्प्यांत, आठवड्याच्या अंतराने करावा. छत्रीतील बहुतेक फळांचा हिरवा रंग जाऊन फिकट तपकिरी रंग आला, पण ती अजून गळू लागली नाहीत, हा योग्य क्षण होय. फार लवकर घेतल्यास फळे सुरकुततात. उशीर केल्यास ती झडून जातात. वेळ पहाटेची, दव असतानाची घ्यावी. ओलसर फळे सहसा गळत नाहीत. कात्रीने वीतभर दांड्यासह छत्री कापून थेट टोपलीत, खाली कापड घालून ठेवावी.

पाला हवा असल्यास तो फुलोरा येण्यापूर्वी, पेरणीपासून सहा-सात आठवड्यांनी घ्यावा. फुलोरा आल्यावर पानांचा गंध व मार्दव कमी होते. ज्या झाडांची फळे घ्यावयाची आहेत त्यांचा पाला ओरबाडू नये. ओळीच्या कडेची काही झाडे पाल्यासाठीच राखावीत.

शोषणविधी

फळांसाठी : पाच-सहा छत्र्यांची सैल जुडी सुतळीने बांधावी. तिच्या तोंडाभोवती सुती पिशवी वा सच्छिद्र कागदी पिशवी बांधून जुडी उलटी टांगावी. गळणारी फळे पिशवीत जमतात. जागा सावलीची, पण वारा खेळता राहणारी असावी. स्वयंपाकघर व न्हाणीघर ह्यांपासून दूर. आमच्याकडे माळ्याच्या खिडकीजवळ दोरी बांधली आहे. आठ-दहा दिवसांनी छत्र्या हाताने चोळून फळे मोकळी करावीत, सुपात पाखडून काड्या व पोचट दाणे काढावेत आणि चाळणीने माती वेगळी करावी. त्यानंतर फळे सुती कापडावर पातळ थरात आणखी चार-पाच दिवस सावलीतच पसरावीत व रोज हलवावीत.

शोषण पूर्ण झाले का, हे पाहण्यासाठी दाणा दाताखाली धरावा : तो टचकन तुटला तर कोरडा, दबला तर अजून दमट. दुसरी खूण काचेच्या बरणीची. मूठभर दाणे बरणीत घालून झाकण लावावे व ती रात्रभर ठेवावी. सकाळी काचेच्या आत किंचितही बाष्प दिसले वा झाकण उघडताच कोंदट वास आला, तर माल पुन्हा पसरावा. घाई म्हणून चुलीच्या वा यंत्राच्या उष्णतेने वाळवावयाचे झाल्यास उष्णता चाळीस अंशांच्या वर जाऊ देऊ नये. उडनशील तेल हेच ह्या द्रव्याचे सर्वस्व आहे आणि ते उष्णतेने नष्ट होते.

पाल्यासाठी : पाला धुतल्यावर पाणी पूर्ण झटकावे, जाड देठ काढावेत आणि बाजेवर सुती कापड अंथरून विरळ पसरावा. दिवसातून दोनदा उलटावा. तीन ते पाच दिवसांत तो बोटांत चुरला जाईल इतका कोरडा होतो. हिरव्या पाल्याचे वजन वाळल्यावर सातव्या-आठव्या भागावर येते. उन्हात वाळविलेला पाला पिवळा पडतो. सावलीतला हिरवा राहतो. मात्र उत्तम वाळविलेल्या पाल्यातही ताज्याचा गंध पुरता राहत नाही, हे मान्य केले पाहिजे. पथ्यातील मुगाच्या कढणात वा भाकरीच्या पिठात तो उपयोगी पडतो. फळाची जागा तो घेऊ शकत नाही.

साठवण व सवीर्यता

कोरडी फळे काचेच्या वा कल्हईच्या डब्यात, घट्ट झाकणाने, उजेडापासून दूर ठेवावीत. डब्यावर पाच गोष्टी लिहाव्यात : संस्कृत नाव, मराठी नाव, जागा, पेरणीची तारीख व संग्रहाची तारीख. शार्ङ्गधराचार्यांनी वनस्पतिद्रव्य एका वर्षानंतर व चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे म्हटले आहे. उडनशील तेलाच्या द्रव्यांस हे वचन विशेष लागू पडते. कारण फळ अखंड असेतो तेल त्याच्या आतील सूक्ष्म नलिकांत बंदिस्त असते, आणि चूर्ण होताच त्या नलिका फुटून तेल उघड्यावर येते. म्हणून बाळंतशेप अखंडच साठवावी व लागेल तेवढीच कुटावी. दुकानदार बंधूंनी चूर्णाच्या तयार पुड्या वर्षभर ठेवण्यापेक्षा ग्राहकासमोर ताजे चूर्ण करून द्यावे. श्रम थोडे वाढतील, विश्वास त्याहून अधिक वाढेल.

प्रयोगाविषयी सावधगिरीचे दोन शब्द. चूर्णाची प्रचलित मात्रा एक ते तीन ग्रॅम आहे. घरची शतपुष्पा ताजी व तीक्ष्ण असते. जुन्या, निर्गंध मालावर बसविलेली मात्रा तिला जशीच्या तशी लावू नये, अल्प मात्रेने आरंभ करावा. पित्तप्रकृतीत व रक्तस्रावाची प्रवृत्ती असता विचारपूर्वक योजना करावी. आर्तवप्रवर्तक म्हणून ती परंपरेत प्रसिद्ध असल्याने गर्भिणीस औषधी मात्रेत देऊ नये. तान्ह्या बाळास काही देण्याचा निर्णय वैद्यानेच बाळ तपासून घ्यावा.

उत्पन्न किती, उपयोग काय

सन २०२२ च्या फाल्गुनात माझ्या चाळीस चौरस फुटांच्या वाफ्यातून स्वच्छ, कोरडी बाळंतशेप सुमारे साडेतीनशे ग्रॅम मिळाली. आमच्या चिकित्सालयास वर्षाला दोन किलोंहून अधिक लागते. म्हणजे घरच्या वाफ्यावर चिकित्सालय चालत नाही. बाजारातून घ्यावेच लागते. मग हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न काही मित्रांनी विचारला व तो रास्त आहे.

त्याचे उत्तर माझ्या टेबलावरील लहानशा बरणीत आहे. घरच्या शेपेचे पन्नास ग्रॅम दाणे मी तीत ठेवतो व दरवर्षी नव्या पिकाने ती भरतो. बाजारातून माल आला की मी व मावशी दोघेही प्रथम बरणीतला दाणा चोळून हुंगतो, मग आलेल्या मालातला. पूर्वी तुलनेस काही नव्हते. जे येई तेच प्रमाण वाटे. आता प्रमाण घरचे आहे. गेल्या काही वर्षांत दोन वेळा आम्ही आलेला माल परत पाठविला. पहिल्या वेळी दुकानदार नाराज झाला. दुसऱ्या वेळी त्याने आमच्या बरणीतला दाणा चोळून पाहिला, काही वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ह्यातले थोडे दाणे मला द्या. घाऊक व्यापाऱ्याकडे जाताना बरोबर नेईन." आता त्याच्याकडेही तशीच एक बरणी आहे.

बांधवहो, औषधी द्रव्यांचा पुरवठा आपल्या हाती राहिला नाही, ही खंत आपण सभांमधून वारंवार व्यक्त करतो. सर्व द्रव्ये आपण पिकवू शकणार नाही, हे उघड आहे. परंतु प्रत्येक वैद्याने एक तरी द्रव्य बीजापासून बरणीपर्यंत स्वतःच्या हाताने नेले, तर किमान त्या एका द्रव्याविषयी त्यास कोणी फसवू शकणार नाही. आरंभास शतपुष्पेसारखे सोपे, अल्पमोली व चार-पाच महिन्यांत फळ देणारे द्रव्य दुसरे क्वचितच सापडेल. येत्या दिवाळीनंतर, कार्तिकातील एखाद्या सकाळी, चार हात जागा मोकळी करावी आणि दोन चमचे बी पेरावे. फाल्गुनात पहिली छत्री कापाल तेव्हा आपल्या चिकित्सालयात ज्या कोणी मावशी द्रव्ये वाटत असतील, त्यांनाही बोलवावे. त्यांना ह्या द्रव्याविषयी आपल्याहून अधिक ठाऊक असण्याचा संभव आहे.